प्रश्नाच्या पोटातील प्रश्न

मी मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट आहे. एके दिवशी सकाळी सातवीच्या वर्गातील एका खिडकीची काच फुटलेली आढळली. आदल्या सायंकाळी काही मुले मैदानावर चेंडू खेळत असल्याचे मी पाहिले होते. त्यांपैकी एकाला मी कार्यालयात बोलावून घेतले आणि करड्या आवाजात विचारले, "काच फोडून तू पळून का गेलास?"

मुलगा गोंधळला. "मी पळालो नाही, गुरुजी," एवढेच तो कसेबसे म्हणाला.

"म्हणजे काच फोडून तेथेच उभा राहिलास?"

यावर त्याला उत्तर सुचेना. तो रडू लागला. रडणे हीच कबुली, असे मी मानले आणि काचेचे पैसे घरून आणण्यास त्याला सांगितले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाने बोलता बोलता सांगितले की, त्या रात्री वादळी वारा सुटला होता, खिडकीची कडी लावायची राहून गेली होती, आणि पहाटे झडप आपटून काच फुटल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मला राग आला. हे त्याच दिवशी का सांगितले नाहीस, असे मी त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही तर काच कोणी फोडली, असंच विचारीत होतात. काच कशानं फुटली, असं कुणी विचारलंच नाही."

मराठी विषय घेऊन मी एम. ए. झालो होतो, 'फोडणे' आणि 'फुटणे' यांतील भेद कितीतरी वर्षे मी फळ्यावर लिहून मुलांना शिकवीत आलो होतो. तो भेद खऱ्या अर्थाने त्या दिवशी मला कळला. 'फुटणे' या क्रियापदाला केवळ फुटणारी वस्तू लागते. 'फोडणे' म्हटले की फोडणारा कोणीतरी हवाच. मी प्रश्नात 'फोडून' हा शब्द योजला, त्याच क्षणी एक अपराधी निर्माण केला. आणि 'तू' म्हणताच तो अपराधी कोण, हेही ठरवून टाकले. मग विचारण्याजोगे उरले काय? केवळ पळून जाण्याचे कारण! मुलाने 'मी पळालो नाही' असे म्हटले तेव्हा तो माझ्या प्रश्नाचे उत्तर देत होता. पण त्या उत्तराबरोबर न केलेला गुन्हाही त्याच्या पदरात पडत होता. वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. परंतु त्याने ती केली की नाही, हे त्याच्या मुद्रेवरून काही समजले नाही.

अशा प्रश्नात वस्तुतः दोन किंवा तीन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. काच कोणी फोडली काय? फोडली असल्यास ती तूच फोडलीस काय? फोडून तू पळालास काय? आणि मग, का पळालास? यांतील पहिल्या तिहींची उत्तरे विचारणाऱ्याने स्वतःच्याच मनाशी देऊन टाकलेली असतात आणि केवळ चौथा प्रश्न तो दुसऱ्यापुढे ठेवतो. ऐकणाऱ्याचे लक्ष चौथ्यावर खिळते. पहिले तीन मुकाट्याने मान्य झाले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. न्यायालयात उलटतपासणी पाहिलेल्यांना हे ठाऊक असते. घरातही हे घडते. 'तुला अभ्यासाचा कंटाळा का येतो?' असे वडील विचारतात, तेव्हा कंटाळा येतो हे सिद्धच धरलेले असते; डोळे दुखत असतील, अक्षर नीट दिसत नसेल, हे विचारायचे राहूनच जाते.

आपल्याकडील प्राचीन नैयायिकांनी वादाचा फार बारकाईने विचार केला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी होते ती वितंडा. आज आपण 'वाद घालू नकोस' असे मुलांना म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा जल्प किंवा वितंडा असते. बिचाऱ्या 'वाद' शब्दाला उगीच बदनामी सोसावी लागते. जल्पात जी हत्यारे चालतात त्यांत 'छल' हे एक आहे. त्याचे ठरलेले उदाहरण मौजेचे आहे. एखाद्याला कोणी 'नवकंबल' म्हणतो. त्याच्या मनात असते की या माणसाची घोंगडी नवी आहे. प्रतिपक्षी लगेच म्हणतो, 'याच्यापाशी तर एकच घोंगडी आहे, नऊ कोठे आहेत?' येथे दुसऱ्याच्या शब्दात भलताच अर्थ घुसडला जातो. माझ्या प्रश्नात मी दुसऱ्याच्या तोंडी भलतीच कबुली घुसडली होती. हत्यार वेगळे असले तरी कारखाना एकच.

काचेच्या बाबतीत फार तर चार पैशांचे आणि एका मुलाच्या डोळ्यांतील पाण्याचे नुकसान होते. मी ते थोडे मानीत नाही. परंतु जेथे हजारो माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथे अशा गाठोड्यातल्या प्रश्नांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. आमच्या मराठवाड्यातच त्याचे उदाहरण आहे.

परभणी जिल्ह्यातील पालम हे आमचे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते. २०२४ च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाले. दोहोंची तीव्रता ४.५ होती. परभणी, नांदेड या शेजारच्या जिल्ह्यांतही धक्के जाणवले. फडताळातील भांडी वाजली, पत्रे थरथरले, माणसे अंगणात आली. निवृत्तीनंतरही काही मुले सायंकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. जुलैतील त्या दिवशी त्यांपैकी आठवीतील एक मुलगा आला तो मोठ्या आवेशानेच. "गुरुजी," तो म्हणाला, "गोदावरीत बंधारे घालून माणसांनी भूकंप आणले, तरी ते बंधारे कुणी फोडून का टाकत नाही?"

'आणले' हा शब्द ऐकताच मला ती काच आठवली. भूकंप होणे आणि भूकंप आणणे! मुलाचा हेतू वाईट नव्हता. पारावर जे ऐकले तेच तो बोलत होता. 'असे काही नसते' म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते. पण तसे केले असते तर मीही अप्रामाणिक ठरलो असतो; कारण पाण्याने भूकंप होत नाहीत, हे सरसकट विधान खरे नाही. ते खरे नाही, हे जगाला ठळकपणे शिकवणाऱ्या ठिकाणांपैकी एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. त्याच्या शिवसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात आसपासच्या गावांना लहान लहान धक्के जाणवू लागले, जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. गावकरी म्हणू लागले की हे धरणाचेच काम. उलट बाजूला जाणत्यांची एक जुनी समजूत होती. दक्षिणेचे पठार हा पृथ्वीच्या पाठीवरील अतिप्राचीन आणि स्थिर भाग. तेथे मोठा भूकंप व्हायचा कसा? नीट पाहिले तर हाही गाठोड्यातलाच प्रश्न. 'स्थिर भूमीत भूकंप कसा होईल?' असे विचारताना भूमी स्थिर आहे, हेच गृहीत धरलेले असते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ते गृहीत कोसळले. सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगरातील बहुतेक घरे मोडली, सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली. धरणालाही भेगा गेल्या. पुढे त्याची बळकटी करावी लागली.

यानंतर शास्त्रज्ञांनी जे केले ते मला फार शिकण्यासारखे वाटते. 'धरणाने भूकंप आणला का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देऊन ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी तो प्रश्न सोडवून सुटा केला. जलाशयातील पाण्याची पातळी केव्हा चढते, केव्हा उतरते, आणि धक्के केव्हा वाढतात, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. पावसाळ्यात पाणी चढले की त्यामागोमाग धक्क्यांची संख्या वाढते, असे दिसून आले. हे धक्के साऱ्या सह्याद्रीत विखुरलेले नसून धरणाच्या दक्षिणेकडील एका मर्यादित टापूतच होतात, असेही आढळले. अमेरिकेत हूवर धरणाचे मीड सरोवर १९३५ पासून भरू लागल्यावर आणि आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करिबा जलाशय भरल्यावर १९६३ साली जे धक्के बसले, त्यांच्याशी हे ताडून पाहता आले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत ज्याला अन्वय म्हणतात तो हाच: जेथे कारण, तेथे कार्य.

परंतु अन्वयाच्या जोडीला व्यतिरेक लागतो. जेथे कारण नाही तेथे कार्यही नाही, असे दाखवावे लागते. आणि कारण असूनही कार्य झाले नाही, अशी ठिकाणे सापडली तर थांबून विचार करावा लागतो. पैठणचा नाथसागर काही लहान नाही. त्यात १९७० नंतरच्या दशकापासून अफाट पाणी साठत आले आहे; परंतु कोयनेसारखी भूकंपांची मालिका तेथे झालेली नाही. म्हणजे नुसते पाणी पुरेसे नाही. कोयनेच्या पोटात खडकांमध्ये जुने भंग होते, त्यांवर युगानुयुगे ताण साठत आला होता. पाण्याचा भार त्यावर पडला. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे खडकांच्या भेगांतून ते खोल मुरले आणि तेथील पाण्याचा दाब वाढून एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सरकण्यास मोकळे झाले. ताण हे मूळ. पाणी हे निमित्तकारण. ताणलेल्या धनुष्याची दोरी बोटाने सोडावी, तसे. बाण कोणी मारला, असे विचारले तर बोटाचे नाव घ्यावे लागेल. परंतु धनुष्य ताणलेले नसते तर बोट काय करणार होते? कोयनेचे खडक तपासण्यासाठी २०१७ साली तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. गावकऱ्यांच्या संशयाला अखेर दुजोरा मिळाला तो अशा चिकाटीच्या शोधातून.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगत आहे. गाठोड्यातल्या प्रश्नात जे गृहीत असते ते नेहमी खोटेच असते, असे नाही. कोयनेत ते बऱ्याच अंशी खरे निघाले. दोष गृहीत धरण्यात नाही. दोष आहे तो ते तपासू न देण्यात. वाऱ्याऐवजी त्या मुलानेच काच फोडली असती, तरीही माझा प्रश्न अन्यायाचाच होता.

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. चारला चार मिनिटे कमी असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर यांच्या परिसरात भूमी हादरली. पालम तेथून शंभरावर किलोमीटर दूर. तरी आम्ही जागे झालो. देवघरातील घंटा आपोआप हलताना मी पाहिली. दिवस उजाडल्यावर आकाशवाणीवरून बातम्या येऊ लागल्या आणि प्रत्येक बातमीपत्रात मृतांचा आकडा चढत गेला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. बावन्न गावे पुन्हा नव्या जागी वसवावी लागली.

दुःखाच्या पाठोपाठ कारणांचा शोध सुरू झाला. हे स्वाभाविकच होते. ज्याचे घरदार गेले तो 'का?' असे विचारणारच. किल्लारीपासून थोड्याच अंतरावर माकणी येथे तेरणा नदीवर मातीचे धरण आहे. त्यात पाणी साठू लागून काहीच वर्षे झाली होती. कोयनेची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. त्यामुळे 'माकणीचे धरण बांधून हा भूकंप कोणी आणला?' हा प्रश्न उभा राहिला. काही संशोधकांनी जलाशयाचा संबंध असण्याची शक्यता गांभीर्याने मांडली. पाणी जवळ होते, ते नुकतेच साठले होते, भूकंपाचे मूळही फार खोल नव्हते. इतर संशोधकांनी ती नाकारली. हे धरण कोयनेच्या मानाने कितीतरी ठेंगणे, पाणी उथळ, आणि पाण्याच्या चढउताराबरोबर वाढणारे व घटणारे धक्के येथे तसे आढळले नाहीत. भूकंपानंतर तेथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटर काळ्या पाषाणाखाली अतिप्राचीन खडक लागला. त्या खडकातील ताण हे मूळ कारण, याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. मतभेद होता तो निमित्ताबद्दल.

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण आपण सहज वापरतो. संस्कृतात याच अर्थाचा काकतालीय न्याय आहे. एकामागोमाग दुसरे घडले म्हणजे पहिल्याने दुसरे घडवले, असे ठरत नाही. नैयायिकांनी याहूनही सुंदर दृष्टान्त दिला आहे. कुंभार मडके घडवतो. माती, चाक, काठी, कुंभाराचा हात ही सारी कारणे. ज्या गाढवाने माती वाहून आणली तेही मडक्याच्या आधी तेथे हजर होते. पण म्हणून ते मडक्याचे कारण ठरते काय? त्या गाढवाला वगळूनही मडके घडू शकते; माती डोक्यावरूनही आणता येते. माकणीचे धरण हे कोयनेच्या पाण्यासारखे निमित्त होते की कुंभाराचे गाढव होते, हा खरा प्रश्न. पारावरच्या प्रश्नाने तो विचारायचेच टाळले.

पण माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढे आहे. भूकंप कशाने झाला, यावर वाद चालू असताना दुसरा एक प्रश्न मागे पडू पाहत होता. माणसे कशाने मेली?

हाच तो प्रश्न ना, असे कोणी म्हणेल. नव्हे. जमीन हादरल्याने उघड्या रानात झोपलेला माणूस सहसा मरत नाही. त्या पहाटे जे बाहेर निजले होते ते बहुतांशी वाचले. गवताने शाकारलेल्या हलक्या खोपटांतील पुष्कळ माणसेही वाचली. मेली ती जाड भिंतींच्या घरांतील माणसे. त्या घरांची रचना आपल्या परिचयाची आहे. ओबडधोबड दगडांची, चिखलात रचलेली, हात-दीड हात जाडीची भिंत. बाहेरून पाहिले तर एकसंध वाटते. आतून मात्र ती दोन पदरांची असते. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार जाणारा लांब दगड बसवलेला नसेल तर ते एकमेकांना धरून राहत नाहीत. वर लाकडी तुळयांवर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा नवा थर. वर्षामागून वर्षे गेली की छतावर हातभर माती साठते. भूमी हादरताच भिंतीचे दोन पदर उसवले आणि डोक्यावरचे ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

येथे एक नवाच गाठोड्यातला प्रश्न डोके वर काढतो. शहरातील शिकलेले लोक तो विचारताना मी ऐकले आहेत. 'असली घरे बांधून या लोकांनी आपले मरण का ओढवून घेतले?' शब्द पाहा: 'बांधून', 'ओढवून घेतले'. जणू धोका ठाऊक असून त्यांनी तो पत्करला! वस्तुस्थिती अशी की त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता. तो नकाशा २००२ मध्ये बदलण्यात आला, सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला. आधी राजमान्य नकाशाने अभय दिले होते. मग शेतकऱ्याने भिऊन वेगळे घर कशासाठी बांधावे? दगड शेतात फुकट मिळत होता, चिखल ओढ्यात होता, सिमेंट विकत घ्यावे लागत होते. जाड भिंत वैशाखात गारवा देते आणि थंडीत ऊब. त्या घरांत अनेक पिढ्या सुखाने नांदल्या होत्या. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला अनेक लहान धक्के बसले, तेव्हा माणसे घाबरली होती, काही रात्री उघड्यावर झोपलीही होती. पुढे धक्के थांबले आणि माणसे घरात परतली. आपणही परतलो असतो. तेव्हा भिंती पडल्या हे खरे. पण म्हणून मेलेल्यांनी त्या स्वतःवर पाडून घेतल्या, असे म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा आघात आहे.

चांगल्या हेतूनेही माणूस अशा प्रश्नात सापडतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्या वेळी महात्मा गांधी अस्पृश्यता निवारणासाठी देशभर हिंडत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे, असे ते म्हणाले. अस्पृश्यता हे पाप आहे, याबद्दल रवींद्रनाथ ठाकूर यांना तिळमात्र शंका नव्हती; तरी त्यांनी या विधानाला जाहीरपणे हरकत घेतली. निसर्गातील घटनांना माणसाच्या पापपुण्याशी जोडणे त्यांना अयुक्त वाटले. असे तर्कशास्त्र एकदा मान्य केले की विरोधकही त्याच भूकंपाचा ठपका गांधीजींच्याच चळवळीवर ठेवू शकतील, असेही त्यांनी दाखवून दिले. गांधीजींनी आपले मत सोडले नाही. परंतु आपल्याविरुद्धचे ते निवेदन त्यांनी आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात १६ फेब्रुवारी १९३४ रोजी छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. या वादात माझे मत रवींद्रनाथांकडे झुकते. तथापि विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या पत्रात जसेच्या तसे छापून वाचकांपुढे ठेवण्याचा प्रामाणिकपणा आज मला फारसा कोठे आढळत नाही. कारणाबद्दल चूक होऊ शकते. चूक दाखवून देणाऱ्याला दार उघडे ठेवले की ती चूक तेथेच अडकून पडत नाही.

आता पुन्हा माझ्या ओट्यावर येऊ. त्या मुलाला मी म्हणालो, "तुझ्या प्रश्नात किती प्रश्न आहेत, ते आधी आपण मोजू." पाटीपेन्सिल नव्हती, खडूने फरशीवरच लिहिले. भूकंप कोठे झाला? बंधारे कोठे आहेत? दोहोंत अंतर किती? बंधारा किती उंच, त्यात पाणी किती, आणि ते केव्हा भरलेले असते? पाणी भरलेले नसताना धक्के बसले आहेत काय? मुलाने नकाशा आणला. हिंगोली जिल्ह्यातील ती जागा आणि गोदावरीवरील आमच्या बाजूचा बंधारा यांमधील अंतर त्याने दोऱ्याने मोजले. पहिला धक्का मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडाशी बसला होता आणि दुसरा जुलैत, हे त्याचे त्यालाच आठवले. तो विचारात पडला. 'बंधाऱ्यांचा काही संबंध नाही' असे त्याने म्हणावे, अशी माझी अपेक्षा नव्हती; तसे म्हणण्याइतकी माहिती फरशीवर नव्हतीही. शेवटी मी त्याला एवढेच विचारले, "काय दिसले तर तू तुझे म्हणणे सोडून देशील?" हा प्रश्न त्याला फार अवघड गेला. खरे सांगायचे तर तो कोणालाही अवघड जातो. काचेच्या वेळी मला कोणी तो विचारला असता तर मी काय उत्तर दिले असते, कोणास ठाऊक.

मग बोलता बोलता किल्लारीच्या भिंतींचा विषय निघाला. भूकंपानंतर मराठवाड्यातील जुनी घरे न पाडता ती बळकट कशी करायची, याचेही प्रयोग झाले होते, ते मी त्याला सांगितले. माळवदावरची जादा माती काढून टाकायची. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू ठोकायचे. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडायची, त्यांत वाकवलेली लोखंडी सळई बसवून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातात. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याचे घर पालमच्या जुन्या वस्तीत आहे. आजोबांनी बांधलेले, दगडमातीचे, वर माळवद.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बंधाऱ्याचे नावही त्याने काढले नाही. हातात एक वितीचा दोरा होता. "गुरुजी," तो म्हणाला, "छतावरची माती काल मोजली. दीड हात भरली. आजोबा म्हणतात, दिवाळीनंतर उतरवू. पण भिंतीच्या आरपार जाणारे दगड आहेत की नाहीत, हे भिंत न उकरता कसं कळेल?"

मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.